‘माहेरचं रक्त’ आणि उशिरा आलेली साखर

धाराशिव जिल्ह्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. वय ३७, अंगणवाडी सेविका. तीन वर्षांपूर्वी गावातल्या शिबिरात शुगर निघाली आणि ‘टाईप टू’ म्हणून गोळ्या सुरू झाल्या. पहिलं वर्ष बरं गेलं. मग गोळ्या वाढत गेल्या, साखर काही उतरेना, आणि वजन ५३ किलोवरून ४४ वर आलं. घरच्यांना वाटलं, ही चोरून गोड खाते. यंदा लातूरच्या एका डॉक्टरांनी वेगळ्या तपासण्या केल्या. गॅड अँटीबॉडी भरपूर निघाली, सी-पेप्टाइड ०.४ निघालं. ‘हा लाडा आहे’, म्हणजे मोठ्या वयात हळूहळू येणारा वेगळा मधुमेह, असं सांगून त्यांनी इन्सुलिन सुरू केलं.

ताईंना सहा वर्षांपासून थायरॉइडची गोळी आहे. आईलाही थायरॉइड, मावशीच्या हातांवर कोड, आणि एक मामेभाऊ चौदाव्या वर्षी शुगरने गेलेला. सासूबाई म्हणतात, “तुझ्या माहेरचं रक्तच तसलं हाय. आता आमच्या लेकरांत बी उतरायलंय.” सासूबाईंना स्वतःला बारा वर्षांपासून शुगर आहे. ताईंची मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. मुलगी आत्याच्या मुलाला द्यायची असं बोलणं होतं, आता नणंद गप्प झाली आहे. एका माणसाने मुलांची जेनेटिक टेस्ट करून घ्या म्हणून काही हजारांचं पॅकेज सांगितलंय. ताई विचारतात, हे खरंच माहेरून आलं का, लेकरांना होईल का, टेस्ट करावी का. आणि शेवटच्या पानाच्या समासात एक आडवी ओळ: ‘धाकट्या बहिणीला पण मागल्या बाळंतपणात शुगर निघाली होती, ती परभणीला असते, गोळ्यांवर आहे, तब्येतीने माझ्यासारखीच.’

ताई,

रक्ताचं पुढे बोलू. आधी त्या चोरून खाण्याचं.

तुम्ही चोरून काही खाल्लं नव्हतं. तुमचे रिपोर्टच ते सांगतात, आणि हे मी ठामपणे लिहिते आहे, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक शिक्षक यायचे. चाळिशीचे, सडपातळ, सायकलवरून शाळेत जाणारे. दर खेपेला साखर वाढलेली, दर खेपेला मी एक गोळी वाढवायची आणि पथ्यावरून बोलायची. ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. एके दिवशी त्यांच्या बायकोने पिशवीतून शंभर पानी वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. चार महिन्यांचा हिशेब होता. सकाळी दीड भाकरी, वरण, मेथी. दुपारी एक भाकरी, ताक. चहा बिनसाखरेचा. रोजच्या तारखेखाली त्याच बाईच्या हातचं गोल अक्षर, एकही दिवस सुटलेला नाही. ती म्हणाली, “मॅडम, आता यातलं अजून काय कमी करू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा दिवसांनी ते गुरुजी उलट्या आणि धाप घेऊन रात्री दवाखान्यात भरती झाले. रक्तात आम्ल साठलं होतं. ते वाचले. पण त्यांना पहिल्या वर्षीच हवं होतं ते इन्सुलिन, आणि मी त्यांना देत होते ते बोलणं. ती वही मी अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून सडपातळ माणसाची साखर गोळ्यांना दाद देत नसेल तर माझा हात आधी तपासणीच्या कागदाकडे जातो. ब्रिटनमध्ये १९७७ साली टाईप टूच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला होता. त्यातल्या लोकांचं रक्त पुढे तपासलं तेव्हा, १९९७ सालच्या अहवालाप्रमाणे, दहातल्या साधारण एकाच्या रक्तात तुमच्यासारख्या अँटीबॉडी सापडल्या. म्हणजे टाईप टूचा शिक्का बसलेले पण आतून वेगळाच आजार असलेले लोक सगळ्या जगात आहेत. ‘लाडा’ हे नावही तसं नवं, १९९३ च्या सुमाराचं. मोठ्या वयात, हळू पावलांनी येणारा, शरीराच्या राखणदारांनीच घडवलेला मधुमेह, असा त्याचा अर्थ.

आता तुमचे दोन आकडे. स्वादुपिंडात बीटा नावाच्या पेशी इन्सुलिन बनवतात. बनवताना मूळच्या लांब साखळीतून एक तुकडा कापून बाजूला पडतो, तो सी-पेप्टाइड. जितकं इन्सुलिन, तितकाच हा तुकडा. भुईमुगाच्या शेंगा सोलल्यावर खाली पडलेली टरफलं पाहून किती शेंगा सोलल्या ते कळतं ना, तसं. तुमचं ०.४ म्हणजे टरफलं फारच थोडी आहेत. तुमच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही. गोळ्या त्या थकलेल्या पेशींना चाबूक मारत होत्या, आणि बैलच उरला नव्हता. गॅड अँटीबॉडी ही खूण सांगते की त्या पेशी आपोआप थकल्या नाहीत, शरीराच्या राखणदारांनी त्या मारल्या.

इथून जनुकांची गोष्ट सुरू होते. तुम्ही अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी बायांना समजावून सांगता, तेव्हा हे तुम्हाला अवघड जाणार नाही.

पूर्वी गावात जागल्या असायचा. रात्री शिवारात फिरायचं, परकं कोणी दिसलं की हाळी द्यायची. शरीरात हे काम टी-पेशी करतात. पण जागल्याला चोर ओळखता यायला कोणीतरी दाखवावा लागतो. काही पेशींचं कामच असं असतं की वाटेत सापडलेल्या प्रथिनांचे तुकडे उचलायचे, हातात धरायचे आणि टी-पेशींना दाखवायचे: हा ओळखीचा आहे का बघ. तो धरणारा हात म्हणजे एचएलए. त्या हाताचा साचा सहाव्या गुणसूत्रावर लिहिलेला असतो आणि माणसागणिक वेगळा असतो. म्हणूनच किडनी बसवताना हे हात जुळवून बघावे लागतात.

काही साच्यांचे हात बीटा पेशींच्या प्रथिनांचे तुकडे अशा तऱ्हेने धरतात की जागल्याला ते परके वाटण्याचा संभव वाढतो. डॉक्टरी भाषेत त्यांना डीआर३ आणि डीआर४ म्हणतात. लहानपणी येणाऱ्या, टाईप वन म्हणतात त्या मधुमेहामध्ये आणि तुमच्या लाडामध्येही सगळ्यात मोठा वाटा यांचाच. भारतातल्या टाईप वनच्या रुग्णांत डीआर३ चं पारडं जड असल्याचं आपल्याकडच्या संशोधकांनी बऱ्याच आधी दाखवलं आहे. आणि तुमच्या रक्तात जी गॅड अँटीबॉडी सापडली, तिचं डीआर३ शी जुनं नातं आहे.

तुमच्या आईचा थायरॉइड, मावशीचं कोड, तुमचा स्वतःचा थायरॉइड, हे सगळे वेगवेगळे आजार वाटतात. बहुतेक वेळा ते एकाच कुळातले असतात. मावशीचा जागल्या कातडीच्या रंगपेशींवर गेला, आईचा थायरॉइडवर, तुमचा आधी थायरॉइडवर आणि मग स्वादुपिंडावर. तुमचा तो मामेभाऊ चौदाव्या वर्षी शुगरने गेला असेल तर त्याला बहुधा टाईप वन होता, म्हणजे याच झाडाची लहानपणी फुटलेली फांदी. त्या काळी त्याला वेळेवर इन्सुलिन मिळालं असतं तर तो आज तुमच्या शेजारी बसून हे पत्र वाचत असता. त्याच्याविषयी घरात कुजबुजत बोलत असाल तर ते थांबवा. त्याने किंवा त्याच्या आईबापाने काही वाईट केलं नव्हतं.

सासूबाईंचं म्हणणं मग खरं का? अर्धं. आणि अर्धं खरं सगळ्यात जास्त टोचतं.

तुमच्या सहाव्या गुणसूत्राच्या दोन प्रती आहेत, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आईच्या बाजूला खुणा दिसतात म्हणून सगळं तिकडूनच आलं असं होत नाही. वडिलांकडूनही एखादा साचा गुपचूप आला असेल, ज्याचा त्यांना स्वतःला कधी काहीच त्रास झाला नाही. कारण नुसत्या साच्याने आजार होत नाही. डीआर३ आणि डीआर४ दोन्ही एकत्र असणं ही सगळ्यात धोक्याची जोडी. पण युरोपात जन्मापासून ज्या मुलांवर लक्ष ठेवलं गेलं, त्यांत अशी जोडी असलेल्या वीस मुलांपैकी साधारण एकालाच लहानपणी आजार झाला. एकोणीस खेळत राहिली. एकसारख्या जुळ्या भावंडांची जनुकं अगदी तीच असतात, तरी एकाला टाईप वन झाल्यावर दुसरं कित्येक वर्षं, काही जण तर आयुष्यभर, धडधाकट राहतं.

एचएलए सोडून बाकीचेही धागे आहेत, बारीक बारीक. अकराव्या गुणसूत्रावर खुद्द इन्सुलिनचं जनुक आहे आणि त्याच्या शेजारी तीच ती अक्षरांची ओळ पुन्हा पुन्हा येणारा एक पट्टा असतो. कुणाचा आखूड, कुणाचा लांब. हे मला नेहमी अचंबित करतं म्हणून सांगते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, ती टी-पेशींची शाळा. घरच्या माणसांची ओळख तिथे करून दिली जाते, आणि घरच्यांवरच धावून जाणारे विद्यार्थी तिथेच गळतात. पट्टा लांब असला की या शाळेत इन्सुलिन जास्त दाखवलं जातं, ओळख पक्की होते. आखूड असला की ओळख कच्ची राहते. हे सगळं तुम्ही आईच्या पोटात आणि पाळण्यात असताना झालेलं. सदतिसाव्या वर्षी खाल्लेल्या कुठल्या पेढ्याशी त्याचा संबंध लावायचा?

मग टी-पेशींना आवरणारे लगाम. दुसऱ्या गुणसूत्रावर सीटीएलए४, पहिल्यावर पीटीपीएन२२. लगाम जरा ढिला असला की जागल्या लवकर भडकतो. पीटीपीएन२२ चा जो बदल युरोपात फार गाजला तो आपल्याकडे मात्र क्वचितच सापडतो. परदेशी तक्ता जसाच्या तसा आपल्या घराला लावू नये, हे त्यावरून ध्यानात येतं.

२०१८ साली लाडा झालेल्या अडीच हजारांहून जास्त युरोपीय वंशाच्या लोकांची जनुकं सबंध चाळून पाहिली गेली. ठळक निघालेल्या जागा टाईप वनच्याच होत्या: एचएलए, पीटीपीएन२२, इन्सुलिनचं जनुक, आणि एसएच२बी३ नावाचं आणखी एक. फरक होता तो जोराचा. लहानपणीच्या आजारात एचएलएचा जोर दणकून असतो, उशिराच्या आजारात हलका. पेरलेलं बी तेच, पण ते वर यायला तीस-पस्तीस वर्षं लागली. तुमचं बालपण, शिक्षण, दोन बाळंतपणं बिनइन्सुलिनची पार पडली ती त्यामुळे.

आता सासरकडचं. त्याआधी २००८ साली स्वीडन-फिनलंडच्या रुग्णांत असंही दिसलं होतं की लाडामध्ये टाईप टूचं एक नामांकित जनुक, टीसीएफ७एल२, हेही हजेरी लावतं. ते दहाव्या गुणसूत्रावर असतं आणि टाईप टूचा धोका वाढवणाऱ्या नेहमीच्या जनुकांत सगळ्यात वजनदार मानलं जातं. थोडक्यात, लाडा हा दोन नद्यांच्या संगमावरचा गाव आहे. मोठं पाणी टाईप वनचं, पण दुसऱ्या नदीचंही थोडं येतं. सासूबाईंना बारा वर्षांपासून शुगर आहे. तुमच्या लेकरांची निम्मी जनुकं त्यांच्या मुलाकडून आली आहेत. त्यांना टोमणा मारायला हे सांगत नाही. त्यांनाही वाईट वाटू नये, कारण त्यांनीही ते मागून घेतलेलं नाही. पण ‘माहेरचं’ आणि ‘सासरचं’ अशी वाटणी करायला बसलात तर हिशेब लागणार नाही, इतकंच. दोन्ही घरांतून थोडं थोडं येतं, आणि बहुतेकांच्या अंगात ते आयुष्यभर निजून राहतं.

लेकरांना होईल का? आकड्यांतच सांगते, नाहीतर मन आपापले आकडे तयार करतं. लहानपणीच्या टाईप वनचे युरोपीय अभ्यास असं सांगतात की आईला तो असला तर शंभर मुलांपैकी साधारण दोघा-तिघांना होतो, वडिलांना असला तर पाच-सहांना. होय, आईकडून कमी. उशिराच्या आजारात एचएलएचा जोर आधीच हलका, त्यामुळे तुमच्या मुलांसाठी यापेक्षा मोठा आकडा मनात धरायचं कारण मला दिसत नाही. स्वीडनमधल्या एका अभ्यासात आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत टाईप वन असलेल्यांना लाडाचा धोका सुमारे सहापट दिसला, टाईप टू असलेल्यांना दुप्पट. सहापट ऐकून छातीत धस्स होतं. पण ती अगदी लहान आकड्याची सहापट आहे. दहा मण ज्वारीत एका खड्याचे सहा खडे झाले तरी भाकरी ज्वारीचीच होते.

म्हणून ते पॅकेज घेऊ नका. थुंकीची नळी पाठवून जो कागद येईल त्यावर ‘धोका जास्त’ असं लिहून आलं तर तुम्ही काय करणार? तो टाळायची गोळी आज कुठल्या दुकानात मिळत नाही, आणि तो कागद मात्र तुमच्या मुलीच्या आयुष्यात कायमचा राहील. जनुकांतल्या खुणांना मार्क देऊन बेरीज करायची पद्धत खोटी नाही, बरं का. पुण्याचं केईएम हॉस्पिटल, हैदराबादची सीसीएमबी आणि इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी मिळून ती भारतीय रुग्णांवर तपासली, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्या लोकांतही टाईप वन आणि टाईप टू वेगळे ओळखायला ती चांगली कामी येते. पण ती आजार झालेल्याचा प्रकार ठरवायला. धडधाकट लेकराचं भविष्य बघायला नाही.

त्यापेक्षा तुमच्या घरात एक वस्तू आधीच आहे, ग्लुकोमीटर. मुलगा किंवा मुलगी अचानक घटाघटा पाणी पिऊ लागली, रात्री दोन-तीनदा उठू लागली, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, खाऊनही वाळायला लागली, तर त्याच तासाला बोट टोचून बघा. पोटदुखी, उलट्या आणि खोल श्वास असला तर सकाळची वाट बघू नका. एवढं तुम्ही केलंत तर मामेभावाच्या बाबतीत जे झालं ते तुमच्या घरात होणार नाही. मनाची फारच घालमेल होत असेल तर मुलांची अँटीबॉडी तपासता येते, पण ते बालरोगतज्ज्ञांशी बोलून, शांत डोक्याने.

मुलीच्या लग्नाचं तुम्ही लिहिलंत. शास्त्राचं उत्तर असं: तुमच्याकडून तिला जे आलं असेल ते आत्याच्या मुलात असायचं कारण नाही, कारण त्याचं तुमच्या माहेराशी रक्ताचं नातं नाही. त्या दोघांत समान असेल ते सासरकडचं, साधारण आठवा हिस्सा. थॅलेसेमियासारखे काही आजार नात्यातल्या लग्नाने पुढच्या पिढीत उसळी मारतात, ते एकाच जनुकाच्या दोन खराब प्रती एकत्र आल्यामुळे. लाडा तसा एका जनुकावर चालत नाही. तेव्हा नणंदबाई याच भीतीने गप्प झाल्या असतील तर ती भीती चुकीच्या जागी आहे.

पण ताई, माझं काळीज दुसऱ्याच गोष्टीने अडखळलं. ती १४ वर्षांची आहे. तुम्ही अंगणवाडीत कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींची वजनं करता, त्यांची कमी वजनाची बाळं हातात घेता. मुलीच्या लग्नाचं कायद्याचं वय १८ आहे हे मी तुम्हाला काय सांगावं. बोलणं थांबलंय ना, थांबू द्या. नणंदेच्या गप्प राहण्याचं दुःख करू नका. तिला दहावी करू द्या, बारावी करू द्या. पुढे तिला स्वतःला आत्याचा मुलगा आवडला तर तेव्हा हे सगळं दोन्ही घरांत मोकळेपणाने सांगा. लपवून केलेल्या सोयरिकीत पहिली शिक्षा पोरीला होते.

आता तुमच्या स्वतःच्या औषधाचं, कारण चार पानांत त्यावर तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात.

इन्सुलिन बंद करायचं नाही. कोणी काढा सांगेल, कोणी ‘एकदा सुई लागली की सुटत नाही’ म्हणेल. तुम्हाला ती सवय म्हणून लागलेली नाही, तुमच्या शरीरात जे बनत नाही तेच तुम्ही बाहेरून घेताय. थायरॉइडची गोळी सहा वर्षं घेताय तेव्हा कोणी असं म्हणालं नाही ना? घरात शुगरच्या जुन्या गोळ्यांच्या, ग्लिमेपिराइडसारख्या, पट्ट्या उरल्या असतील तर त्या आपल्या मनाने घेऊ नका. आणि नावाच्या शेवटी ‘फ्लोझिन’ असलेली गोळी कोणी लिहून दिली तर ‘मला लाडा आहे’ हे आधी सांगा. तुमच्यासारख्यांना त्या गोळीवर, साखर फार वाढलेली नसतानाही, रक्तात आम्ल साठू शकतं.

बाटलीतलं इन्सुलिन घेत असाल तर बाटलीवर ४० लिहिलंय की १०० ते बघा आणि सिरींज त्याच आकड्याची घ्या. ४० ला लाल टोपणाची, १०० ला नारिंगी. ही अदलाबदल होते आणि साखर एकदम खाली जाते किंवा वर चढते. साखर खाली गेली, हात थरथरले, घाम फुटला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या. अंगणवाडीच्या पिशवीत पुडी कायम असू द्या, आणि मदतनीस बाईंना ती कुठे आहे ते दाखवून ठेवा.

उन्हाळ्याचं बोलायलाच हवं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यात लाईट जाते. फ्रीज नसेल तर दोन मडकी घ्या. मोठ्यात तळाला आणि कडेने वाळू भरा, मधे लहान मडकं बसवा, वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवा. इन्सुलिन प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. हात घालून बघा, आत माठासारखा गारवा लागेल. फ्रीज असेल तर दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं.

नवरात्र जवळ आलं की तुमच्या भागात नऊ दिवसांचे उपवास आणि पुढे तुळजापूरची पायी वारी ठरलेली. श्रद्धेच्या आड मी येणार नाही. पण उपवास म्हणून इन्सुलिन सोडायचं हे चालणार नाही, आणि साबुदाण्याची खिचडी ही नुसती पिठूळ साखर आहे हेही ध्यानात असू द्या. उपवास करायचा की नाही, केला तर डोस कसा, हे घटस्थापनेच्या आधी डॉक्टरांना विचारा, नंतर नाही. बायांचा असा समज असतो की देवीला विचारलं म्हणजे झालं. तुमची देवी तुम्हाला उपाशीपोटी चक्कर येऊन रस्त्याच्या कडेला बघू इच्छित असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे बी-१२ आणि सिलियाक या तपासण्यांचा विषय काढा, कारण गव्हाचं न पचणं हेही याच जनुकांच्या घरातलं भावंड आहे. घरात ज्वारीची भाकरी असेल तर ती सोडू नका. ज्वारीत तो गव्हातला त्रासदायक घटक नसतो.

आणि आता ती समासातली ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, मला मात्र सगळ्यात आधी तीच दिसली. सख्खी बहीण. अंगाने सडपातळ. बाळंतपणात निघालेली साखर, ती अजून गेलेली नाही, आणि गोळ्या चालू. जनुकांची ही एवढी चर्चा आपण केली ती ज्या एका माणसाच्या आज उपयोगी पडेल ती व्यक्ती परभणीत आहे. तिला टाईप टू असेलही. पण तुमची हकीगत माहीत असताना तिची गॅड अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड न तपासता गोळ्या वाढवत नेणं बरोबर होणार नाही. तुमच्या रिपोर्टचे फोटो काढा, आईचा थायरॉइड, मावशीचं कोड, मामेभाऊ, हे सगळं एका कागदावर लिहा आणि आज संध्याकाळीच तिला पाठवा. तिच्या डॉक्टरांना तो कागद दाखवायला सांगा. आणि फोनवर तिला आधी हे विचारा की गेल्या सहा महिन्यांत तिचं वजन किती उतरलंय, आणि घरात तिला कोणी चोरून खातेस म्हणतंय का.